आता बॉनेट उघडावंसं वाटत नाही

मला गाड्यांचा कंटाळा आलाय हे घरात कुणाला अजून नीट पटलेलं नाही. सांगून झालंय दोन-तीनदा, पण लोकांना वाटतं मी मस्करी करतोय, नाहीतर तब्येत तरी बरी नाहीये. त्यांचंही चुकत नाही म्हणा, कारण गेली पंचवीस-तीस वर्षं आमच्या अख्ख्या गोतावळ्यात गाडी म्हटलं की फोन मला. मेव्हण्याच्या गाडीतून जळका वास येतोय, मला फोन. शेजारच्या काकूंची गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, बेल आमची. लग्नात कुणीतरी नवीन ओळख करून देताना पण "हे आमचे गाडीवाले" असं सांगतात, त्यामुळे समोरच्याला वाटतं माझा ट्रॅव्हल्सचा धंदा आहे.

आणि परवा भाच्याने दोन गाड्यांची नावं सांगून विचारलं, "मामा, यातली कुठली घेऊ?" आणि मला त्या दोन्ही गाड्या डोळ्यासमोर वेगळ्या करताच येईनात. खरं सांगतो. दोन्ही उंच, दोन्हींचे दिवे बारीक मिचमिचे, दोन्हींना सनरूफ, दोन्हींत आत टीव्हीएवढा स्क्रीन. मी "जरा मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू" म्हणून फोन ठेवला आणि गूगल केलं. एकेकाळी मागून येणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून एस्टीम आहे का झेन ते सांगून पैज जिंकायचो, तो मी.

तर हे नक्की कधी झालं आणि का झालं ते जरा लिहून बघतो.

सुरुवात वडिलांच्या पद्मिनीपासून. सेकंडहँड, फिक्या निळ्या रंगाची, ऐंशीच्या दशकातली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची, 1089 सीसीचं इंजिन आणि ताकद फक्त चाळीसेक घोड्यांची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढची सीट एकसंध बाकडं, त्यामुळे पुढे तिघं बसायचे आणि मधला म्हणजे मी. सगळे तिला फियाटच म्हणायचे, पद्मिनी हे नाव फक्त आरसी बुकात.

कोल्हापूरला आत्याकडे जायचं म्हणजे मे महिन्यात खंबाटकी घाट. चढावर लोड आला, वरून ऊन, की इंजिनजवळच्या फ्युएल पंपातच पेट्रोल उकळायला लागायचं आणि गाडी दोन आचके देऊन बंद. व्हेपर लॉक. मग वडील शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, डिकीतून जुन्या पंचाचं फडकं काढून पाण्याच्या कॅनमध्ये भिजवायचे आणि फ्युएल पंपावर गुंडाळायचे. चर्र असा आवाज. मग दहा-पंधरा मिनिटं आम्ही कठड्यावर बसून आईने दिलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खायच्या. आई मात्र दरवेळी वैतागायची. मला तो घाटातला थांबा म्हणजे ट्रिपचा सगळ्यात भारी भाग वाटायचा, कारण वडील एरवी फार बोलायचे नाहीत आणि बॉनेट उघडं असलं की बोलायचे. हा डिस्ट्रिब्युटर, हे पॉइंट, हे घासले नाहीत तर ठिणगी नीट पडत नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा त्यांच्या पाकिटात कायम असायचा, नोटांच्या मागे.

आता ती हौस माझ्यात वडिलांकडूनच आली असं सगळे म्हणतात. पण वडिलांना हौस नव्हतीच हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्यांना ते सगळं करावं लागायचं म्हणून ते करायचे. 1999 ला त्यांनी पद्मिनी काढून मारुती 800 घेतली आणि त्यानंतर आयुष्यात एकदाही बॉनेट उघडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कशाला? चालतेय की."

हौस मला लागली ती खरी कॉलेजात, आणि त्याला वेळ जबाबदार आहे. आमच्या लहानपणी रस्त्यावर गाड्या किती प्रकारच्या? अँबेसिडर, फियाट, मग डिसेंबर 83 पासून मारुती 800, मग ओम्नी आणि जिप्सी, कुणाकडे काँटेसा असली तर तो एकतर बिल्डर नाहीतर पुढारी. प्रीमियरचीच 118 एनई होती, त्यात निस्सानचं इंजिन होतं आणि तेवढ्या एका माहितीवर आम्ही शाळेत भाव खायचो. आमच्या पुण्यातल्या टाटाने 91-92 ला सिएरा आणि इस्टेट काढल्या तेव्हा गल्लीत कुणाकडे इस्टेट आली म्हणून बघायला गेलो होतो, चक्क बघायला, गणपती बघायला जातात तसं.

आणि मग आम्ही नेमके अठरा-वीसचे असताना धरण फुटलं. 95 ला सिएलो. 96 ला ॲस्ट्रा आणि एस्कॉर्ट. 98 या एका वर्षात होंडा सिटी, लान्सर, सँट्रो आणि वर्षाच्या शेवटी इंडिका, जिचं पूर्ण पैसे भरून लाखाच्या वर बुकिंग झालं होतं. दर चार-सहा महिन्यांनी रस्त्यावर काहीतरी असं यायचं जे आधी कधी कुणी पाहिलेलंच नाही. अलका चौकातल्या स्टॉलवर मासिकं यायची, ती आम्ही चौघांत एक अशी काढायचो आणि स्पेसिफिकेशनचं पान पाठ करायचो, बोअर स्ट्रोकसकट. गिअर रेशो पाठ. ती गाडी विकत घेण्याची कुवत सोडा, तिच्यात बसायला मिळेल याची पण शक्यता नव्हती. तरी पाठ.

आमच्या पिढीला वाटतं आपल्याला गाड्यांची काहीतरी खास आवड होती, रक्तातच होती वगैरे. मला आता वाटतं की आम्ही फक्त योग्य वेळी वीस वर्षांचे होतो. देशच तेव्हा गाड्यांच्या बाबतीत वयात येत होता आणि आम्हीही. आज वीस वर्षांच्या पोराला दर महिन्याला दोन नवीन गाड्या दिसतात, त्याने कशाला जीव टाकायचा. माझी मुलगी एकोणीसची आहे, तिला समोरून गेलेली गाडी लाल होती एवढंच सांगता येतं आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही.

असो. नोकरी लागली, पैसे साठले आणि मी पॅलिओ घेतली. फियाटच. 1.6 जीटीएक्स. 2001 ला पॅलिओ आली तेव्हा सचिन तिची जाहिरात करायचा, आणि त्याच फियाटवाल्यांकडून 2002 मध्ये त्याला ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली म्हणून शूमाकरच्या हातून फेरारी 360 मोडेना मिळाली होती, तिच्या कस्टम ड्युटीवरून पुढे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. आम्हाला गदारोळाचं काही नव्हतं, आम्हाला एकदा ती लाल गाडी मुंबईत दिसावी एवढीच इच्छा होती. दिसली नाही कधी.

पण पॅलिओ 1.6 म्हणजे काय होती हे आजच्या लोकांना सांगून कळणार नाही. सँट्रो आणि झेन 55-60 हॉर्सपॉवरच्या घरात असताना या छोट्या हॅचबॅकमध्ये सोळा व्हॉल्व्हचं 100 हॉर्सपॉवरचं इंजिन. दरवाजा लावला की तिजोरीचा आवाज. स्टिअरिंग जड नाही हलकं नाही, बरोबर. आणि ॲव्हरेज? शहरात आठ-नऊ. सासरे पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि मी "बारा देते" असं सांगितलं, ते त्यांनी आयुष्यभर खरं मानलं, देव त्यांचं भलं करो.

त्या गाडीवर मी काय काय केलं ते लिहायला बसलो तर हे पोस्ट संपायचं नाही. रुंद टायर, अलॉय, फ्री-फ्लो एक्झॉस्ट जो आईला अजिबात आवडायचा नाही, एअर फिल्टर, मोठे हॉर्न, हेडलाइटला वेगळी रिले टाकून जास्त वॉटचे बल्ब. अर्धा पगार नाना पेठेत. रविवारी सकाळी जुन्या बाजारात. काही मिळालं नाही तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर, तिथे भंगाराच्या दुकानात पॅलिओचा अख्खा दरवाजा छताला टांगलेला असायचा आणि दुकानदार आपल्या तोंडाकडे बघून भाव ठरवायचा. गरज चेहऱ्यावर दिसली की संपलं. मी आधी दुसऱ्याच गाडीचे पार्ट विचारत बसायचो.

आणि आमचे मिस्त्री. नाना पेठेच्या आतल्या बोळात गॅरेज, दोन गाड्या उभ्या राहतील एवढीच जागा, तिसरी रस्त्यावर. त्यांच्याकडे एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा, मूठ हाताळून हाताळून काळी गुळगुळीत झालेली. इंजिन चालू ठेवून त्याचं टोक हेडवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटून. मग टोक थोडं पुढे, अल्टरनेटरवर. मग वॉटर पंपावर. आणि सांगायचे, "वॉटर पंपाचा बेअरिंग बोलायला लागलाय, अजून हजारभर किलोमीटर काढेल." मला पहिल्यांदा दिला तेव्हा नुसता खडखडाट ऐकू आला. त्यांनी मला शेजारी उभी असलेली चांगली गाडी आधी ऐकवली, मग माझी, मग परत ती. असं तासभर. त्यादिवशी दुपारी कधीतरी मला त्या खडखडाटातून एक बारीक किरकिर सुटी झालेली ऐकू आली, आणि तो आनंद मला नंतर प्रमोशनला पण झाला नाही, हे बायकोला माहितीये.

ग्रुप होता आमचा. गाडीवाल्यांचा. पहाटे पाचला चांदणी चौकात भेटायचं आणि ताम्हिणी नाहीतर वाईवरून पसरणी घाट, वर पाचगणीला चहा आणि नऊ-साडेनऊला घरी परत, बायका उठायच्या आत. 2002 ला एक्स्प्रेसवे पूर्ण झाला तेव्हा तर काय, मुंबईला काहीही काम नसताना जाऊन यायचो. रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वन, शूमाकर आणि हॅकिनेन, केबलवाल्याने नेमका तो चॅनेल घालवला की त्याच्या घरी जाऊन उभे. 2011 ला दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली तेव्हा झेलम एक्स्प्रेस पकडून गेलो होतो सगळे. पहिल्या लॅपला सगळ्या गाड्या समोरून गेल्या तो आवाज छातीत बसला होता, कानात नाही. एकजण रडला. नाव सांगत नाही, आता तो मोठा माणूस आहे. तीन वर्षांत ती रेस बंद पडली, टॅक्सच्या भांडणात. तिन्ही वेळा व्हेटेलच जिंकला.

बरं, मग गेलं कुठे हे सगळं?

लोक कारणं देतात ना, ती सगळी माझ्याकडे पण आहेत. गुडघा आहे. चाळिशीचा चष्मा आहे, बारीक फट मोजायच्या फीलर गेजच्या पातीवरचा आकडा आता वाचता येत नाही. पेट्रोल शंभरच्या वर आहे. शनिवारी पसरणी घाट म्हणजे पाचगणीच्या टेबललँडपर्यंत एकच लाइन, पुढच्या गाडीतलं पोरगं सनरूफमधून डोकं काढून उभं. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे बसले, सरळ रस्त्याला 100, बोरघाटात 60, आणि मेसेज घरी पोचायच्या आत येतो. जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येणार नाहीत, म्हणजे आमचं अर्धं आयुष्यच बेकायदा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फियाटने भारतातल्या गाड्या बंद केल्या. मग पार्ट मिळेनात.

सगळं खरं. पण यातलं एकही खरं कारण नाही असं मला वाटतं, कारण हौस असते तेव्हा माणूस याच्या दसपट अडचणीतून वाट काढतो. आम्ही तर अडचणीवरच जगायचो. पार्ट मिळत नाही हा तर खेळ होता.

नवीन गाड्या डबा झाल्यात, सगळं कॉम्प्युटर झालंय, आता मजा नाही, असं पण आमच्या वयाची मंडळी दर पार्टीत म्हणतात. मी नाही म्हणत. बायकोने दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली. मी चालवतो. मला आवडते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही, घरी आल्यावर पाय दुखत नाही. तिच्या बॉनेटखाली काय आहे ते मी अजून बघितलेलं नाही, आणि हे वाक्य मी लिहीन असं मला कुणी 2005 साली सांगितलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

मला लक्षात आलं ते एका पार्सलवरून. पॅलिओच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश गेला होता. स्पीड ब्रेकरवरून गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून टक् असा आवाज. पूर्वी असा आवाज आला की मला रात्री झोप यायची नाही, सकाळी ऑफिसला जायच्या आधी गाडीखाली. आता ओळखीतून ओळख काढून कोइमतूरच्या एकाकडून आर्म मागवला, नवाकोरा, पॅकिंगमध्ये, आजच्या दिवसात म्हणजे लॉटरीच. कुरिअर आलं. मी ते खोकं हॉलमधल्या शू रॅकवर ठेवलं. तिथे ते राहिलं. पाऊस सुरू झाला, गणपती आले तेव्हा पाहुणे येणार म्हणून बायकोने बाल्कनीत नेलं, दिवाळीत परत आत आलं, आणि एके दिवशी मुलगी म्हणाली, बाबा हे फेकायचंय का? मी उघडलं सुद्धा नव्हतं. आणि मुख्य म्हणजे मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. आवाज येत होता, मला तो नीट ऐकू येत होता, कुठला बुश आहे हे पण माहीत होतं, आणि मी स्पीड ब्रेकरवरून हळू जायला लागलो होतो.

ज्ञान सगळं जागच्या जागी आहे, फक्त त्याच्यामागे जी खाज होती ती नाही. मला अजून रिक्षात बसलं की मागच्या चाकाचं बेअरिंग ऐकू येतं. ओलाने कुठे चाललो असलो तर ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतोय हे पायाला कळतं. पूर्वी मी सांगायचो, "दादा, पाय काढा, प्लेट जाईल." आता खिडकीतून बाहेर बघतो. बायको म्हणते हे म्हातारपण. मी म्हणतो ही प्रगती.

आमच्या ग्रुपचं पण तेच झालंय, फक्त कुणी बोलत नाही. नाव अजून तेच आहे, डीपीवर पसरणीच्या वळणावरचा जुना फोटो आहे, आणि आत काय चालतं बघा. 2019 च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावली का, मुदत परत वाढली. पंधरा वर्षांनंतरच्या री-रजिस्ट्रेशनची फी 600 होती ती 2022 पासून 5000 झाली, ग्रीन टॅक्स वेगळा. ई-20 पेट्रोलने जुन्या गाडीचे रबरी पाइप जातील का, वीस टक्के इथेनॉलसाठी ते बनवलेलेच नाहीत, कुठले घालायचे. हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम. कुणाचा तरी स्टेंट. सगळे एकमेकांना "एकदा ड्राइव्ह ठरवू या" म्हणतात आणि सगळे अंगठा टाकतात. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या काळी-पिवळी पद्मिनीची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून गेली, तेव्हा दिवसभर ग्रुपवर रडके चेहरे. मी पण एक टाकला. न टाकणं बरं दिसलं नसतं.

मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं. मुलगा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, टॅब घेऊन फिरतो, चांगला पगार आहे, एसीत बसतो. मिस्त्रींना विचारलं वाईट वाटतं का, तर म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं पाठीवर झोपलो गाडीच्या खाली. आता गादीवर झोपतो." त्यांना तो स्क्रू ड्रायव्हर कुठे गेला हे पण आठवत नव्हतं. मी उगाच तो मागायला म्हणून मनात योजून गेलो होतो.

तर मी पॅलिओ विकली. किंमत विचारू नका, त्या पैशात आज चांगला फोन येणार नाही. घेणारा पोरगा पंचविशीचा, नाशिकहून आला होता, बॅकपॅकमध्ये ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचायचं यंत्र, घेऊन. मी चहा सांगितला, त्याने "आधी गाडी बघू का काका" म्हटलं आणि सरळ पार्किंगमध्ये जमिनीवर आडवा. जीन्ससकट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कबुतरांमुळे काय अवस्था असते ते मला माहितीये, मी स्वतः तिथे आता झोपलो नसतो. खालून आवाज आला, "काका, लेफ्टचा लोअर आर्म गेलाय." मी वर जाऊन खोकं आणून दिलं. त्याने ते उघडून हातात घेतलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं, उगाच अवघडल्यासारखं होतं कुणाला इतकं खूश बघताना.

मग त्याने टायमिंग बेल्ट कधी बदलला, कूलंट कुठलं, थ्रॉटल बॉडी साफ केली का, असं सगळं विचारलं आणि मी उत्तरं दिली, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी परीक्षकासारखा बोलतोय, म्हणजे बरोबर-चूक तपासत, मजा न घेता. तो मात्र घेत होता. ह्या पोराने 98 साल बघितलेलं नाही, अलका चौकातला स्टॉल बघितलेला नाही, त्याला दर महिन्याला दोन नवीन गाड्या दिसतात, आणि तरी त्याला ही वीस वर्षांपूर्वीची ठोकळ्यासारखी गाडी हवी होती. म्हणजे वर मी जो पिढीबिढीचा सिद्धांत मांडलाय त्याला इथे भोक पडतं. पडू दे. मला त्याचं उत्तर सुचलेलं नाही.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29, फॉर्म 30, आरसी, पीयूसी, इन्शुरन्स, दोन्ही चाव्या. मी सगळं फाइलला लावून ठेवलं होतं. गाडी गेटबाहेर गेली तेव्हा बायको रडली. तिला गाड्यांतलं काही कळत नाही आणि कधी कळून घ्यायचं पण नव्हतं, पण मुलीला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते त्याच गाडीतून, मागच्या सीटवर तिच्या आईच्या मांडीवर, मी आख्ख्या रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये. मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीच वाटलं नाही?" मी त्याक्षणी हा विचार करत होतो की आता ती जागा मोकळी झाली तर सोसायटीचा पार्किंग चार्ज एकाच गाडीचा लागेल. आणि ते मी तिला तसंच सांगितलं, तर ती दोन दिवस बोलली नाही.

मला वाटतं लोकांना हेच सहन होत नाही. हौस गेली याचं दुःख असावं अशी अपेक्षा असते. ते नसलं की त्यांना वाटतं आधीची हौसच खोटी होती. आमचा एक मित्र तर चिडलाच, म्हणाला मग इतकी वर्षं आम्ही काय उगाच भेटत होतो का? अरे नाही बाबा. त्या वर्षांत जे होतं ते सोळा आणे होतं, मला त्यातला एक घाट परत नकोय आणि एक घाट कमीही नकोय. भूक लागली होती, जेवलो, पोट भरलं. पोट भरल्याचा शोक कुणी करतं का?

रविवारी सकाळी काय करतोस मग, असं सगळे विचारतात. काही नाही करत. सातला उठतो. पेपर वाचतो, पूर्ण, अगदी छोट्या जाहिरातींसकट. मध्ये सगळ्यांनी सुचवलं सायकल घे, ट्रेकिंग कर, फोटोग्राफी कर, जसं काही एक हौस गेली की रिकाम्या जागी लगेच दुसरा भाडेकरू हवाच. थांबा जरा. जागा मोकळी बरी वाटतेय.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं की तुझ्या आजीला घेऊन जा शोरूममध्ये, तिला जिच्यात हात न धरता चढता-उतरता येईल ती घे. त्याला हा सल्ला फारच थोर वाटला आणि त्याने तो सगळीकडे सांगितला, त्यामुळे माझी गाडीवाला म्हणून पत अजून वाढलीये आणि फोन येणं काही थांबणार नाही.

जाता जाता एक कामाचं. माळा साफ करताना बरंच सामान निघालंय आणि बायकोने पुढच्या रविवारपर्यंतची मुदत दिलीये. पद्मिनीचा एक कार्ब्युरेटर, वडिलांच्या वेळचा, फ्लोट बदलावा लागेल बाकी बरा आहे. एक त्रिकोणी काच, रबरासकट. पॅलिओचा टायमिंग बेल्ट किट, न उघडलेला, पण इतका जुना आहे की मी स्वतः तो गाडीला घालणार नाही, टेन्शनर बघा हवं तर. मागचे दोन लाइट. डावा हेडलाइट. चार अलॉय, त्यातलं एक वाकडं, कुठलं ते फिरवून बघायला लागेल. नाशिकच्या पोराला विचारलं तर त्याच्याकडे हे सगळं आधीच आहे म्हणाला, दोन-दोन. पैसे नकोत, कोथरूडला येऊन घेऊन जा, येताना दोर आणा आणि एकजण सोबत आणा, लिफ्ट बंद आहे. उजवा हेडलाइट नाहीये, प्लीज विचारू नका.